भीमथडी घोडा

भीमा व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यांत वाढलेली, दख्खनी या नावानेही ओळखली जाणारी काटक अश्वजात. पुणे, सोलापूर, सातारा आणि अहिल्यानगर हे तिचे मुख्य जिल्हे असून, दक्षिण सीमेवर भीमा वाहणारा, सिद्धटेक व राशीन ही गावे असलेला अहिल्यानगरचा पर्जन्यछायेतील कर्जत तालुका याच टापूत मोडतो. सतराव्या-अठराव्या शतकांत स्थानिक तट्टांचा अरबी व तुर्की घोड्यांशी संकर होऊन ही जात सिद्ध झाली, असे मानतात.

बांध्याने लहान, परंतु चिवट, पायांनी बळकट व खुरांनी कठीण असलेला हा प्राणी तुटपुंज्या चाऱ्यावर लांब मजला मारीत असल्याने, स्वतःचा घोडा बाळगणारे शिलेदार आणि सरकारी पागेतील बारगीर या दोहोंनाही मराठ्यांच्या चपळ स्वाऱ्यांत तो अत्यंत उपयुक्त ठरला. सायबेरियातील याकूत घोडा बर्फ उकरून गवत शोधतो व हाडे गोठविणारी थंडी सोसतो. याउलट, भीमथडीची कसोटी अवर्षण व खडकाळ वाट ही होय.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर लष्करी आश्रय सरला. तरी मेंढपाळ धनगरांनी ही जात राखली. स्थलांतरात भांडीकुंडी, वाघूर (मेंढ्या कोंडण्याचे जाळे), नवजात कोकरे, प्रसंगी लहान मुलेही तिच्या पाठीवर असतात.

कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२३-२४ मध्ये तिला स्वतंत्र जातीची मान्यता दिली. मात्र ती धनगरांच्या स्थलांतराबरोबरच टिकली असल्याने तिच्या संवर्धनाची कोणतीही योजना धनगरांच्या चराऊ हक्कांना वगळून सफल होणार नाही.