देह कुणाचा, गुण कुणाला?

कर्करोगावरील उपचारांचा इतिहास आपल्यापर्यंत येतो तो डॉक्टरांच्या आणि औषधांच्या नावांनी. ज्यांच्या देहात ही औषधे प्रथम टोचली गेली, ज्यांच्या छातीवर शस्त्र चालले, त्यांची नावे त्या इतिहासात नाहीत. असलीच तर ती आद्याक्षरांच्या किंवा क्रमांकांच्या रूपात. इतिहास कुणाचा लिहिला जातो आणि कुणाचा पुसला जातो, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. गावगाड्याच्या इतिहासाला तो आपण विचारला. आता तो वैद्यकाच्या इतिहासालाही विचारला पाहिजे, असे मला वाटते.

मी शहापूर तालुक्यातल्या खर्डीचा शिक्षक. कसाऱ्याहून येणारी लोकल इथली माणसे मुंबईला नेते. कुणी कामाला जातो, कुणी भाजीची पाटी घेऊन जाते आणि कुणी प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल धरून परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतो. या तिसऱ्या प्रवाशासाठी मी हा इतिहास चाळला. लिम्फोमा आणि स्तनाचा कर्करोग या दोन रोगांपुरताच तो येथे मांडतो. माझे प्रश्न तीन आहेत. देह कुणी दिला? देताना त्याला विचारले होते काय? आणि त्यातून आलेला गुण कुणाच्या पदरात पडला?

लिम्फोमा म्हणजे मान, काख, जांघ अशा ठिकाणच्या लसिकाग्रंथींचा कर्करोग. १९४२ पर्यंत त्यावर शस्त्रक्रिया आणि क्ष-किरण यांपलीकडे फारसे काही हाती नव्हते. अमेरिकेतील येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन हे औषधशास्त्रज्ञ तेव्हा युद्धातल्या मस्टर्ड वायूच्या जातीच्या रसायनांवर काम करीत होते. हे विष रक्तातल्या पांढऱ्या पेशी मारते, मग त्या पेशींच्या कर्करोगालाही ते मारील, असा त्यांचा तर्क होता. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ते एका रोग्याला शिरेतून देण्यात आले. थोड्याच दिवसांत गाठी वितळल्या, घास गिळता येऊ लागला. पुढे रोग उलटला आणि १ डिसेंबरला तो रोगी वारला. केमोथेरपीचा प्रारंभ तो हा.

कोण होता हा रोगी? पोलंडहून पोटासाठी आलेला, बॉल बेअरिंगच्या कारखान्यातला एक कामगार. जग त्याला 'जे. डी.' या दोन अक्षरांनी ओळखते. युद्धकालीन गुप्ततेमुळे त्याच्या केसपेपरवर औषधाचे नावही नव्हते, 'पदार्थ एक्स' एवढेच लिहिलेले होते. जिथे कागदालाही औषधाचे नाव सांगितले नव्हते, तिथे कामगाराला कितीसे सांगितले असेल? गुडमन-गिलमन यांच्या नावाचा ग्रंथ मात्र आजही औषधशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या टेबलावर असतो.

लिम्फोमाचे पुढचे औषध तर आपल्या अंगणातले आहे. सदाफुली मूळची मादागास्करची, पण आपल्याकडे झोपडीच्या कुडालाही ती उगवते. मधुमेहावर तिचा पाला घेण्याची रीत अनेक देशांतल्या गरिबांत होती. जमैकातल्या अशाच रीतीची माहिती मिळाली म्हणून कॅनडात रॉबर्ट नोबल यांनी तो पाला तपासायला घेतला. मधुमेहावर तो ठरला निरुपयोगी, पण पांढऱ्या पेशी त्याने घटल्या. १९५८ साली नोबल आणि बीअर यांनी त्यातून व्हिनब्लास्टिन वेगळे केले. त्याचेच भावंड असलेले व्हिन्क्रिस्टिन आजही लिम्फोमाच्या नेहमीच्या उपचारात असते. पाला चघळून लिम्फोमा बरा होत नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण ज्या वाटेने शास्त्र त्या औषधापाशी पोहोचले, ती वाट गरिबाच्या अनुभवाने दाखवली होती, हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे.

आता स्तनाच्या कर्करोगाकडे वळू. १८८२ पासून अमेरिकेतील शल्यविशारद हॅलस्टेड यांनी स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी असे सारेच कापून काढण्याची पद्धत रूढ केली. जितके जास्त कापावे तितकी बाई सुरक्षित, असे मानले गेले. छाती खोलगट होई, हात सुजून जड होई. कुणी पुरावा मागितला नाही, कारण सांगणारा मोठा होता. वडीलधाऱ्यांचा शब्द हेच प्रमाण मानणारी व्यवस्था केवळ आपल्याच देशात होती असे नव्हे!

हे प्रमाण मोडले ते चाचणीने. पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी १९७१ पासून १६०० हून अधिक स्त्रियांना या प्रश्नात सहभागी करून घेतले. कुणावर मोठी शस्त्रक्रिया होणार आणि कुणावर लहान, हे डॉक्टरच्या मर्जीवर नव्हे, चिठ्ठी टाकल्यासारखे ठरे. उत्तर आले की जास्त कापल्याने आयुष्य वाढत नाही. पुढे फिशर यांनी आणि मिलानच्या व्हेरोनेसी यांनी दाखवून दिले की रोग लवकर सापडला तर गाठ काढून किरणोपचार देणे पुरते, सारा स्तन काढावा लागत नाही. जवळजवळ नव्वद वर्षांची रूढी त्या बायकांनी आपले देह पणाला लावून मोडली. म्हणून मी चाचणीच्या विरुद्ध नाही. पुरावा हे दुबळ्याचे हत्यार आहे. बड्यांना पुरावा लागत नाही, त्यांचा शब्दच पुरतो.

ही झाली परमुलखाची गोष्ट. मुंबईत काय घडले?

टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी गिरण्या आणि चाळींच्या मधोमध परळला उघडले, आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे आले. या संस्थेने १९९८ साली मुंबईच्या झोपडवस्त्यांत एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांतल्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत, अशा चार फेऱ्या झाल्या. उरलेल्या निम्म्या वस्त्यांत रोगाची माहिती एकदा दिली आणि पुढे घरोघर जाऊन नोंद ठेवली. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी २० वर्षांचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध केले. तपासलेल्या वस्त्यांत रोग अलीकडच्या पायरीवर सापडला. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही.

निष्कर्ष मोलाचा आहे. मॅमोग्राफीचे महागडे यंत्र नको, शिकवलेला हात पुरे. परंतु याच अभ्यासाच्या न तपासलेल्या गटावर, विशेषतः गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या भागावरून, टीका झाली. त्या बायकांना वर्षानुवर्षे केवळ मोजले गेले. समर्थकांचे उत्तर असे की, देशात तपासणी कुठेच नाही, तेव्हा काही न देणे हाच येथला प्रचलित उपचार. हे उत्तर नीट वाचले पाहिजे. संशोधकांनी कुणाच्या ताटातला घास काढून घेतला नाही, हे खरे. पण ताट आधीच रिकामे होते म्हणूनच ते मोजमापाला उपयोगी पडले! ज्या मुंबईकर बाईला स्वतःच्या पैशाने तपासणी करून घेता येते, ती त्या गटात नव्हती. उपेक्षा व्यवस्थेने केली, आणि शास्त्राने त्या उपेक्षेची मोजपट्टी केली.

मग गुण कुणाला? येथे दोन उदाहरणे समोरासमोर ठेवतो. टाटाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी ११ रुग्णालयांतील १६०० स्त्रियांवर एक चाचणी केली. गाठ काढण्याआधी तिच्याभोवती लिडोकेन टोचायचे. दात काढताना हिरडी बधिर करतात तेच हे स्वस्त औषध. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पाच वर्षांनी ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, ते न दिलेल्या गटात ८६.४ टक्के. शंभरात जवळजवळ चार जणी, आणि खर्च अगदी किरकोळ.

दुसरे उदाहरण लिम्फोमाचे. आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी रोग्याच्याच पेशी बदलून रोगाशी झुंजवणारा 'नेक्सकार-१९' हा उपचार सिद्ध केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. चाचणीत सुमारे ७३ टक्के रोग्यांत रोगाने माघार घेतली. परदेशात याला कोट्यवधी रुपये पडतात, येथे तीस-चाळीस लाखांच्या घरात. ही कामगिरी अभिमानाचीच आहे. पण महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाच्या आरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख आहे. मधले तीस लाख आमच्या वाडीवरचा माणूस कोठून आणणार?

शहापूर तालुक्याला हा हिशेब जुना आहे. तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. पुढे वैतरणा आणि भातसाही गेली. धरणाच्या उशाला असलेल्या पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकर येतो. नळाच्या एका टोकाला तहान आणि दुसऱ्या टोकाला पाणी, असे ज्ञानाचेही झाले आहे. ३० वर्षांवरील प्रत्येक स्त्रीची स्तनतपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, असे केंद्र सरकारने २०१६ साली कागदावर ठरवले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अशी तपासणी कधीही झालेल्या निघाल्या ०.९ टक्के. शंभरात एकसुद्धा नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी दोन कामे हाती घ्यावीत. पहिले, २०१९ च्या औषध चाचणी नियमांनी रोग्याला दिलेले हक्क वस्तीत सांगावेत. आपल्याला समजेल अशा भाषेत माहिती मिळणे, नकार देता येणे, मध्येच बाहेर पडता येणे आणि इजा झाली तर भरपाई मिळणे, हे उपकार नव्हेत. दुसरे, ग्रामसभेत लेखी विचारावे की आपल्या उपकेंद्रातल्या नर्सबाईला स्तनतपासणी शिकवली आहे काय आणि ती कोणत्या वारी होते. मुंबईच्या झोपडवस्तीतल्या दीड लाख बायकांनी वीस वर्षे देऊन जे सिद्ध केले, ते खर्डीपर्यंत यायला कोणतेही यंत्र लागत नाही.

उद्या चाचणीची चिठ्ठी घेऊन कुणी आमच्या वस्तीत आले तर आम्ही दार लावणार नाही. शास्त्र आम्हाला हवे आहे. पण फॉर्मवर अंगठा उठवण्याआधी मागच्या चाचणीचा गुण कुठे अडला, एवढे मात्र विचारू.