'प्रभाव' कशावरून? एका गाण्याची अठरा वर्षं

सिनॉप्सिस लिहिताना एक वाक्य आपल्या हातून हमखास जातं: 'अमुकच्या कामावर तमुकचा प्रभाव दिसतो.' माझ्या पहिल्या मसुद्यात ते चार ठिकाणी होतं. गाईडनी चारही ठिकाणी पेन्सिलीने एकच शब्द लिहिला, 'कशावरून?' तेव्हा राग आला होता. सहा महिन्यांचं काम पाण्यात गेलं असंच वाटलं. आज तोच प्रश्न एका गाण्याच्या इतिहासावर लावून बघू.

गाणं आहे 'एट माइल्स हाय'. लॉस एंजेलिसच्या 'द बर्ड्स' या बँडने ते मार्च १९६६ मध्ये काढलं. जीन क्लार्क, रॉजर मॅग्विन आणि डेव्हिड क्रॉस्बी हे त्याचे लेखक. विषय होता त्यांची १९६५ ची लंडनवारी. सायकेडेलिक रॉकच्या अगदी सुरुवातीच्या गाण्यांत ते धरलं जातं. 'हाय' या शब्दामुळे ते नशेचं गाणं ठरलं आणि बऱ्याच रेडिओ स्टेशन्सनी ते वाजवणं बंद केलं.

या गाण्यावर जॉन कोल्ट्रेन आणि पंडित रविशंकर यांचा प्रभाव आहे, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. कशावरून? इथे पुरावा तीन प्रकारचा आहे. पहिला गाण्याच्या आतला: मॅग्विनच्या बारा तारांच्या गिटारचे सुरुवातीचे स्वर कोल्ट्रेनच्या 'इंडिया' या रचनेशी थेट जुळतात. दुसरा बाहेरचा: १९६५ च्या अखेरच्या दौऱ्यात बँडच्या गाडीत कोल्ट्रेन आणि रविशंकर यांची टेप सतत वाजत होती. तिसरा, स्वतः वादकांनी दिलेली कबुली. आणि खुद्द कोल्ट्रेन रविशंकरांचा इतका चाहता होता की १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव त्याने रवी ठेवलं. म्हणजे सतारीचा संस्कार बर्ड्सपर्यंत दोन वाटांनी पोचला, एक थेट आणि एक कोल्ट्रेनमार्गे. 'भारतीय संगीताचा प्रभाव' असं मोघम लिहिलं की यातली दुसरी वाट दिसतच नाही.

आता पुढे येऊ. मिनेसोटातला 'हस्कर डू' हा तिघांचा पंक बँड: बॉब मोल्ड गिटारवर, ग्रँट हार्ट ड्रम्सवर, ग्रेग नॉर्टन बेसवर. १९८२ च्या त्यांच्या 'लँड स्पीड रेकॉर्ड' या लाइव्ह अल्बममध्ये १७ गाणी साधारण २६ मिनिटांत उरकलेली आहेत! त्या काळच्या हार्डकोर पंकमध्ये हिप्पी म्हणजे चेष्टेचा विषय. अशा बँडने १९८४ मध्ये 'एट माइल्स हाय' सिंगल म्हणून काढलं. आणि टिंगल म्हणून नाही, अगदी मनापासून.

मोल्ड लहानपणी जुन्या ज्यूकबॉक्समधून निघालेल्या साठच्या दशकातल्या रेकॉर्ड्स ऐकत वाढला, हे त्यानेच सांगितलेलं आहे. कव्हर ऐका. बारा तारांची किणकिण गेली, तिच्या जागी गिटारचा करकरीत गोंगाट आला. पण चाल आणि स्वरसंगती शाबूत आहे. शेवटाकडे मोल्डचे शब्दच संपतात आणि नुसत्या किंकाळ्या उरतात. मूळ गाण्यात जी अस्वस्थता गिटारच्या तुटक सुरांत होती, ती इथे गळ्यात आली. मूळ गाणं नीट पचवल्याशिवाय असं बदलता येत नाही.

इथपर्यंत ठीक. पुढे मात्र मी स्वतः घसरलो होतो. हे सिंगल आलं आणि त्यानंतर जुलै १९८४ मध्ये 'झेन आर्केड' हा त्यांचा दुहेरी अल्बम आला. त्यात 'हरे कृष्ण' नावाचं गाणं आहे, शेवटी जवळपास १४ मिनिटांची वाद्यरचना आहे. मी लगेच लिहून मोकळा झालो, 'या कव्हरमुळे बँड सायकेडेलियाकडे वळला.' चूक! सिंगल आणि अल्बम दोन्ही एकाच सत्रातले, ऑक्टोबर १९८३ चे. बाजारात येण्याचा क्रम वेगळा, एवढंच. कव्हर हे कारण नव्हतं. वळण आधीच आलं होतं, कव्हर ही त्याची एक खूण होती.

आपल्या विषयांतही हेच होतं. पेपर २०१९ चा असतो, पण प्रयोग २०१६ चा. छापील साल बघून 'याच्यामुळे ते झालं' असं लिहू नका. काम प्रत्यक्ष कधी झालं ते शोधा.

आणखी एक. 'दुसऱ्याचंच काम परत करतोय, यात माझं काय?' ही भीती संशोधनाच्या सुरुवातीला प्रत्येकाला वाटते, मलाही वाटली. हस्कर डूने १८ वर्षं जुनं गाणं घेतलं, ते कुणाचं हे लपवलं नाही, आणि तरी त्यांचं त्यात काय आहे ते पहिल्या दहा सेकंदांत कळतं. तुमच्या रिव्ह्यू चॅप्टरमध्येही एवढंच हवं असतं: काय घेतलं, काय ठेवलं, काय बदललं.

आज एक करा. आपला मसुदा उघडा, 'प्रभाव' हा शब्द सर्च करा आणि प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीने 'कशावरून?' लिहा. उत्तर सापडलं तर ते तिथेच लिहा. नाही सापडलं तर वाक्य खोडा. माझी चारपैकी दोन खोडावी लागली.