हृदयक्षीणता : परिचर्या व रुग्णशिक्षण

हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची क्षमता घटलेल्या रुग्णाची शुश्रूषा, आणि घरी स्वतःची काळजी कशी घ्यावी याचे त्याला दिलेले शिक्षण. रुग्णालयात परिचारिका नाडी, रक्तदाब, श्वसन व लघवीचे प्रमाण यांची नोंद ठेवते. धाप लागल्यास खाटेची डोक्याकडची बाजू उंच करते. कसोटी मात्र रुग्ण घरी गेल्यावर लागते. रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी, एकाच काट्यावर वजन करावे. तीन दिवसांत सुमारे २ किलो वाढल्यास अंगात पाणी साचू लागले असे समजून डॉक्टरांना कळवावे. पावलांवर सूज येणे, झोपताना जास्त उशा लागणे हीही तीच सूचना. ‘मीठ कमी करा’ एवढ्याने भागत नाही. लोणचे, पापड, फरसाण यांची नावे घ्यावी लागतात, तीही घरी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीसमोर. सैंधव हे अखेर मीठच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनाक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या परस्पर घेतल्यास अंगात पाणी साचते.

अमेरिकेतील सेंट लुइस येथे ७० वर्षे व त्यावरील रुग्णांवर झालेल्या चाचणीत (१९९५) परिचारिकेच्या पुढाकाराने दिलेले शिक्षण व पाठपुरावा यांमुळे पुन्हा भरती होण्याचे प्रमाण घटले.