गुलाम मोहम्मद : ‘पाकिजा’चे संगीतकार

‘पाकिजा’ची गाणी आपल्या घरांत आजही लागतात, पण संगीत कुणाचं असं विचारलं की वर्गातली मुलंच काय, मोठी माणसंही पटकन ‘नौशाद’ म्हणतात. नौशाद साहेबांनी या चित्रपटाचं पार्श्वसंगीत केलं, हे खरं. पण गाजलेली गाणी गुलाम मोहम्मद यांची.

त्यांचा जन्म १९०३ मध्ये राजस्थानात बिकानेरला झाला. वडील नबी बख्श तबलावादक, त्यामुळे ताल घरातच मिळाला. मुंबईत आल्यावर अनेक वर्षं धडपडीत गेली. पुढे ते नौशाद यांचे सहाय्यक झाले आणि ‘आन’पर्यंत, म्हणजे १९५२ पर्यंत, त्यांच्यासोबत राहिले. ढोलक आणि तबल्यावर त्यांचा हात असा होता की त्या काळच्या गाण्यांतला ठेका जाणकार लगेच ओळखत.

‘परदेस’, ‘शायर’, ‘लैला मजनू’, ‘दिल-ए-नादान’ हे त्यांचे स्वतंत्र चित्रपट. पण खरी कसोटी लागली ती सोहराब मोदींच्या ‘मिर्झा गालिब’मध्ये (१९५४). गालिबची गझल म्हणजे अवघड उर्दू, फारसी शब्दांनी भरलेली. त्यांनी चाल अशी बांधली की शब्द दबला नाही आणि सुरैयाचा आवाज थेट दिलात उतरला. उर्दू शिकवताना मी मुलांना आधी ही गाणी ऐकवते, अर्थ नंतर सांगते. या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं.

मग ‘पाकिजा’. काम १९५० च्या दशकात सुरू झालं आणि कमाल अमरोही व मीनाकुमारी यांच्यातल्या दुराव्यामुळे मध्येच अनेक वर्षं थांबलं. गाणी तयार होती, चित्रपट नव्हता. वाट पाहता पाहता १७ मार्च १९६८ रोजी गुलाम मोहम्मद यांचा इंतिकाल झाला. चित्रपट मुंबईच्या मराठा मंदिरात लागला ४ फेब्रुवारी १९७२ ला! जुनी गाणी बदला, असा आग्रह झाल्याचं सांगतात. अमरोहींनी मात्र ती तशीच ठेवली.

त्या वर्षीचा संगीताचा फिल्मफेअर पुरस्कार ‘बेईमान’साठी शंकर-जयकिशन यांना गेला. याच ‘बेईमान’साठी सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार प्राण यांना जाहीर झाला होता. मरहूम गुलाम मोहम्मद यांना डावललं म्हणून त्यांनी तो घेतलाच नाही.

चित्रपटात न वापरलेली त्यांची गाणी १९७७ मध्ये ‘पाकिजा रंग बरंग’ या तबकडीवर आली.