कोहिनुराची पिशवी

१

मौल्यवान वस्तु बरोबर घेऊन वाट चालावयाची म्हणजे ती अंगावेगळी होऊं न देणें, हाच आपल्याकडील जुना व खात्रीचा उपाय होय. कंबरेस बांधावयाचा लांबट कसा, दोरी ओढतांच तोंड मिटणारा बटवा, धोतराची कनवट, लुगड्याचा ओचा, हीं सर्व त्या एकाच उपायाचीं निरनिराळीं रूपें आहेत. प्रवासास निघणाऱ्या मनुष्याला घरच्या बाईनें कसा किंवा बटवा शिवून द्यावा, ही चाल आपल्या घरोघरीं होती. परंतु अशा पिशव्यांचा इतिहास कोणी लिहीत नाहीं. पिशवींतील ऐवजाची याद दप्तरांत राहते. पिशवी मात्र विरली कीं चिंध्यांत जाते.

तथापि एका प्रसंगीं अशी एक शिवलेली पिशवी इतिहासाच्या पुराव्यांत ठळकपणें दिसते. इ. स. १८४९–५० च्या हिंवाळ्यांत कोहिनूर हिरा लाहोरहून मुंबईस आला, तो कोणत्या थैलींतून व कोणाच्या अंगावर, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. पण हा हिरा इंग्लंडच्या राणीस भेट दिला गेला कीं तिच्या हवालीं करावा लागला, या मोठ्या वादाशीं तो निगडित आहे, म्हणून त्याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोहिनुराच्या स्थलांतराविषयीं तीन गोष्टी लोकांत रूढ आहेत, आणि चमत्कार असा कीं, तिन्हींत हिरा वस्त्रांत दडलेला आहे. पहिलींत पगडी आहे, दुसरींत बंडी, तिसरींत कंबरपट्टा. यांपैकीं कोणती ग्राह्य, तें क्रमानें पाहूं.

२

पहिली गोष्ट सर्वश्रुत आहे. १७३९ सालीं नादिरशहानें दिल्ली लुटली तेव्हां मुहम्मदशहानें हा हिरा पगडींत लपविला होता. नादिरशहास तें कळलें, व स्नेहाची खूण म्हणून पगडबदल करून त्यानें तो लांबविला. कथा गोड आहे, पण तिला समकालीन आधार नाहीं. नादिरशहाच्या कारकीर्दीचा इराणी इतिहासकार मुहम्मद काझिम मर्वी या हिऱ्यास मयूरसिंहासनावर बसविलेला सांगतो. पुढें डलहौसीच्या सांगण्यावरून थिओ मेटकाफ यानें दिल्लींतील जवाहिरे व वृद्ध माणसें यांजकडून हिऱ्याची माहिती गोळा केली. ती शंभर वर्षांनंतरची सांगोवांगी होती, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. सबब पगडीची गोष्ट आम्ही दंतकथेंत जमा करतों.

दुसरी गोष्ट जॉन लॉरेन्सची. पंजाब खालसा झाल्यावर कोहिनूर त्याच्या हातीं आला; त्यानें तो बंडीच्या खिशांत टाकला व विसरून गेला. पुढें कित्येक आठवड्यांनीं राणीकडून मागणी आली तेव्हां त्याची गाळण उडाली. म्हाताऱ्या नोकरानें, खिशांत कांचेचा एक तुकडा सांपडला होता, असें सांगून तो काढून दिला. ही गोष्ट बॉस्वर्थ स्मिथच्या लॉरेन्सचरित्रांत, म्हणजे १८८३ त, छापली गेली. परंतु लाहोरच्या तोशखान्याचा ताबा डॉ. जॉन लॉगिन याजकडे होता, आणि त्यानें हिरा ता. ७ डिसेंबर १८४९ रोजीं कारभारी मंडळाच्या सभासदांसमक्ष डलहौसीच्या हवालीं केला, याची पावती झालेली आहे. मग सहा आठवडे तो लॉरेन्सच्या खिशांत केव्हां होता? पावतीपुढें आठवणीची मातबरी नाहीं. ही गोष्टही आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

३

राहिली तिसरी, सर्वांत कमी सांगितली जाणारी. तिला मात्र खुद्द वाहणाऱ्याची साक्ष आहे. डलहौसीनें मे १८५० मध्यें आपल्या स्नेह्यास खासगी पत्र लिहिलें. त्याचीं खासगी पत्रें १९१० सालीं प्रसिद्ध झालीं आहेत. त्यांत तो कबूल करतो कीं, लाहोरहून हिरा आपण स्वतः आणला, व ही जोखीम पत्करतांना आपण मनांतून भ्यालों होतों. हिरा पट्ट्यांत शिवून, वर दुसऱ्यांदा शिवून, तो पट्टा त्यानें कंबरेस आवळला होता. शिवाय पट्ट्याचें एक टोंक गळ्यांतील सांखळीस जोडलें होतें. रात्रंदिवस तो अंगावेगळा झाला नाहीं. अपवाद एकच. डेरा गाझीखानाकडे जातांना त्यानें हिरा कॅप्टन रॅमझे याजपाशीं पेटींत बंद करून ठेविला, व आपण परत येईतों त्या पेटीवरच बसून राहावें, अशी त्यास ताकीद दिली. हिरा ज्या लहान पिशवींत घातला होता ती याच कामासाठीं लेडी डलहौसीनें स्वतः शिवली होती, ही माहिती लॉगिन कुटुंबाच्या आठवणींतून मिळते.

या योजनेचें मर्म शिवणकाम जाणणाऱ्यास लगेच कळेल. हिऱ्याचें वजन त्या वेळीं सुमारें १८६ कॅरट, म्हणजे सव्वातीन तोळ्यांच्या आसपास होतें. एवढीशी वस्तु नुसती गांठ मारून ठेविली तर घोड्याच्या चालीनें गांठ सैल होऊन नकळत गळून पडावयाची. पिशवी पट्ट्यांतच शिवली म्हणजे कात्री लावल्यावांचून ती बाहेर निघत नाहीं. शिवण दुहेरी असली म्हणजे एक टांका उसवला तरी दुसरा धरून ठेवतो. आणि पट्टाच सुटला तर सांखळी गळ्यास हिसका देऊन सांगते. आपल्याकडील सावकाराचा कसा याच तत्त्वावर चालत असे.

रणजितसिंहाच्या दरबाराची रीत याहून निराळी होती. खजिनदार मिश्र बेलीराम हा स्वारींत हिरा नेतांना चाळीस उंटांवर एकसारख्या पेट्या लादी, व कोणत्या पेटींत तो आहे हें आपल्यावांचून कोणास कळूं देत नसे, अशी हकीकत लॉगिनच्या चरित्रांत आहे. ज्याच्या मालकीविषयीं कोणास शंका नाहीं, तो आपलें रत्न उंटांच्या रांगेंतून मिरवीत नेतो. ज्यास आपल्याच मुलुखांत वाटमारीची धास्ती आहे, तो तें बायकोकडून पिशवी शिववून कपड्याखालीं दडवितो. हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल सिंधूच्या वाटेनें मुंबईकडे निघाला, तो या बाबतींत एखाद्या भेदरलेल्या यात्रेकरूसारखा निघाला, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

मुंबईस हिरा सरकारी खजिन्यांत ठेवून जहाजाची वाट पाहण्यांत आली. ता. ६ एप्रिल १८५० रोजीं ‘मेडिया’ जहाज रॅमझे व मॅकेसन यांसह निघालें. वाटेंत पटकीची साथ व वादळ यांतून पार पडून तें इंग्लंडास पोंचलें, आणि ता. ३ जुलै रोजीं हिरा राणीच्या हातीं पडला.

४

आतां मूळ प्रश्न. ही पिशवी भेटीची होती काय? २०१६ सालीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयांत सरकारपक्षातर्फे, कोहिनूर चोरीनें वा बळजबरीनें नेलेला नसून भेट दिलेला आहे, असें सांगण्यांत आलें. पुढें तें सरकारचें अंतिम मत नव्हे असा खुलासाही झाला. रणजितसिंहानें शीखयुद्धांतील मदतीबद्दल तो दिला, असें त्या वेळीं मांडलें गेलें. परंतु रणजितसिंह १८३९ त वारला व पहिलें शीखयुद्ध १८४५ त सुरू झालें. ता. २९ मार्च १८४९ च्या लाहोरच्या तहाचें तिसरें कलम याविषयीं स्पष्ट आहे. शहाशुजाकडून रणजितसिंहानें घेतलेलें हें रत्न लाहोरच्या महाराजानें इंग्लंडच्या राणीच्या हवालीं करावें, असें तें कलम सांगतें. त्यांत भेटीचा शब्द नाहीं. त्या तहावर सही करणारा महाराजा दुलीपसिंह दहा वर्षांचा होता, व त्याची आई महाराणी जिंदकौर त्याच्यापासून तोडून कैदेंत ठेविली होती.

१८५४ सालीं लंडनला विंटरहाल्टर दुलीपसिंहाचें चित्र काढीत असतां राणीनें तो हिरा आणवून त्यास दाखविला. हिरा तोंपर्यंत नव्यानें पैलू पाडून सुमारें १०६ कॅरटांवर आला होता. दुलीपसिंहानें तो खिडकीपाशीं नेऊन न्याहाळला, व आपल्या हातानें राणीस परत दिला. भेट म्हणतात ती एवढीच. आणि ती हिरा गेल्यावर पांच वर्षांनीं, पंधरा वर्षांच्या परस्वाधीन मुलाकडून झाली. पगडबदलाची कथा व भेटीची कथा यांत आम्हांस साम्य दिसतें. दोहोंतही बळानें घेतलेल्या वस्तूवर स्नेहाचें वस्त्र पांघरलेलें आहे.

५

या प्रकरणाचा शेवट आपल्या गोदातीरीं होतो. मायलेकांची भेट १८६१ सालीं कलकत्त्यास झाली. जिंदकौर मुलाबरोबर इंग्लंडास गेली व ता. १ ऑगस्ट १८६३ रोजीं तेथेंच वारली. तिचें शव घेऊन दुलीपसिंह १८६४ त हिंदुस्थानांत आला. पंजाबांत पाऊल टाकण्याची त्यास मनाई होती. म्हणून नासिक येथें गोदावरीच्या कांठीं दहन झालें. १९२४ सालीं तिच्या अस्थि नातीनें लाहोरास नेल्या. रत्न लाहोरहून मुंबईच्या वाटेनें गेलें. रत्नाच्या मालकाची आई मुंबईच्या वाटेनेंच परतली, पण घरापर्यंत पोंचण्यास तिला आणखी साठ वर्षें लागलीं.

लेडी डलहौसीही १८५३ त स्वदेशीं परततांना वाटेंतच निवर्तली. तिनें शिवलेली पिशवी नवऱ्यासाठीं केलेलें प्रेमाचें काम होतें, यांत आम्हांस संशय नाहीं. या सबंध प्रकरणांत खरी भेट म्हणून म्हणावयाची तर ती तेवढीच. पिशवींतील हिऱ्यास मात्र तो शब्द लागूं पडत नाहीं. दप्तरें चाळणारांनीं ऐवजाच्या यादीबरोबर तो ऐवज कशांत बांधला होता हेंही टिपून ठेवावें, अशी आमची सूचना आहे. कारण दुहेरी शिवणीखालीं काय दडविलें होतें, आणि कोणाच्या भयानें, हें कित्येकदां यादीपेक्षां टांकेच अधिक खरें सांगतात.