दर्या, दऱ्या आणि संगणक

एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर जशीच्या तशी चालावी, ही संगणकाच्या इतिहासातील जुनी आकांक्षा आहे. तिची कथा युनिक्स या कार्यप्रणालीपासून सांगावी लागते. आणि मराठी अक्षराचे भवितव्यही त्या कथेत गुंतलेले आहे.

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. आरंभी ती एका विशिष्ट यंत्राच्याच भाषेत लिहिलेली होती. १९७३ मध्ये डेनिस रिची यांच्या 'सी' भाषेत तिचे पुनर्लेखन झाले आणि यंत्र बदलले तरी प्रणाली टिकेल, अशी आशा उत्पन्न झाली. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग येथे आणि खुद्द बेल प्रयोगशाळेतही ती इंटरडेटा यंत्रांवर नेण्यात आली. अशा स्थलांतरात एक चमत्कारिक अडचण प्रत्ययास येई. काही यंत्रे जोडीतील धाकटा भाग आधी साठवीत, तर काही थोरला. त्यामुळे 'यू-एन-आय-एक्स' ही अक्षरे 'एन-यू-एक्स-आय' अशी उमटू शकत. या दोषाला 'नक्सी' असेच नाव पडले.

पुढे युनिक्सच्या अनेक शाखा फुटल्या. नाव एक, परंतु चालीरीती निराळ्या! १९८८ च्या 'पॉझिक्स' मानकाने किमान सामाईक आचार घालून दिला. १९९१ मध्ये आलेल्या 'ऑटोकॉन्फ' या साधनाने अधिक शहाणपणाची वाट दाखविली. यंत्राला 'तू कोण?' असे विचारण्याऐवजी 'तुला काय येते?' असे विचारावे आणि उत्तर पाहून आज्ञावली बांधावी, ही ती वाट होय. केडीई (१९९६) व ग्नोम (१९९७) हे मुक्त डेस्कटॉप याच वाटेने निरनिराळ्या युनिक्सांवर पोहोचले.

मराठी वाचकाचे काम मात्र आज्ञावली नुसती चालल्याने भागत नव्हते. ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर येतो, पण लेखनात आधी. युनिकोडने अक्षरे उच्चारक्रमाने साठविण्याचे ठरविले आणि ती डोळ्यांना रुचेल तशी मांडण्याचे काम जुळणी करणाऱ्या आज्ञावलीवर सोपविले. तिला ते साधले नाही, तर वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन बसे. जणू नक्सीचाच देशी अवतार! शिवाय ग्नोमची जुळणी 'पँगो' करी, केडीईची 'क्यूटी', आणि ओपनऑफिसची आणखी तिसरीच. एकाच संगणकावर एकच मराठी वाक्य तीन खिडक्यांत तीन तऱ्हांनी दिसणे त्यामुळे शक्य होते.

मराठीची अडचण हिंदीहून एका पायरीने अधिक होती. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. 'आचार्यास' वंदन करावयाचे, 'आचाऱ्यास' स्वयंपाक सांगावयाचा. हा आडव्या रेघेचा र हिंदीस लागत नाही. म्हणून केवळ हिंदीवर तपासलेली आज्ञावली मराठीस अपुरी पडू शकते. युनिकोडमध्ये तो लिहिण्याच्या वाटाही दोन आहेत. एक, खाली टिंब असलेल्या ऱ पासून. दुसरी, साध्या र नंतर हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह घालून. ही दुसरी वाट जुन्या आवृत्तीशी मेळ राखण्यासाठी ठेवली आहे. समजा, पुण्याहून भोपाळजवळच्या मंडीदीपमधील मराठी कुटुंबास दुसऱ्या वाटेने लिहिलेले पत्र गेले आणि ते जोडचिन्ह वाटेत गळाले, तर लग्नघरच्या आचाऱ्याचा आचार्य होईल!

उपाय हळूहळू झाले. २००४ साली रेड हॅट कंपनीने भारतीय लिप्यांचे 'लोहित' टंक मुक्त परवान्याखाली खुले केले. जुळणीसाठी 'हर्फबझ' ही सामाईक आज्ञावली पुढे आली. फारसीतील 'हर्फ' म्हणजे अक्षर, आणि मराठीतील 'हरफ' तोच. बेहदाद इस्फाहबोद यांनी तिचे नव्याने लेखन केले. पँगो व क्यूटी यांनी ती स्वीकारली, आणि २०१७ च्या लिब्रेऑफिस ५.३ पासून त्या कार्यालयीन संचात सर्व प्रणालींवर हीच जुळणी आली. तरी दोन वाटांनी लिहिलेला 'दऱ्या' शोधताना एकच मानला जाईल, याची हमी आजही सर्वत्र नाही.

या इतिहासाचा बोध साधा आहे. सामाईक नियम कागदावर उतरल्याखेरीज यंत्रांत एकवाक्यता येत नाही. आणि त्या कागदावर आपल्या भाषेचा अपवाद नोंदविणे हे त्या भाषेच्या लोकांचेच कर्तव्य असते. मुक्त आज्ञावलीने त्याची मुभा दिली आहे. दर्या आणि दऱ्या यांतील भेद जाणणाऱ्यांनीच तिचा उपयोग करावयास हवा.