साइन तरंग : शुद्ध स्वर आणि सिंथेसायझरचा इतिहास

१/ धनुष्याची दोरी म्हणजे संस्कृतातील ‘ज्या’ किंवा ‘जीवा’. आर्यभटाने अर्धज्यांचे कोष्टक रचले. पुढे ‘जीवा’ अरबीत ‘जिबा’ झाली आणि चुकीच्या वाचनातून लॅटिनमध्ये ‘सायनस’. त्यातूनच ‘साइन’ आला. या वक्राचे ध्वनिरूप म्हणजे साइन तरंग. सिंथेसायझरमध्ये तो निर्दोष उमटवणे इतके अवघड का ठरले? (थ्रेड)

२/ १८२२ मध्ये फूरियेने आवर्ती बदल साइन तरंगांच्या बेरजेत मांडण्याची रीत दिली. १८६३ मध्ये हेल्महोल्ट्झने आपल्या ग्रंथात तीच दृष्टी स्वराला लावली. जवारी लागलेल्या मिरजेच्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार उमटतो, तो उपस्वरांमुळे. साइन तरंग याच्या अगदी उलट : एकच कंपनसंख्या, उपस्वर शून्य.

३/ त्याची अडचणही हीच. उपस्वरांनी भरलेल्या करवती तरंगात लहानसा दोष सहज झाकला जातो. साइन तरंगाला असा आडोसा नसतो. मंडलातील किंचित असमतोलही उपस्वर होऊन प्रकट होतो.

४/ १९३९ मध्ये स्टॅनफर्डच्या विल्यम ह्यूलेटने यावर सोपा तोडगा काढला : मंडलात एक छोटा दिवा. कंपन वाढले की दिव्याची तार तापे, तिचा रोध वाढे आणि कंपन आपोआप आवरले जाई. तरंग स्वच्छ राही. डिस्नेने ‘फँटेशिया’ चित्रपटाच्या ध्वनियंत्रणेसाठी असे ८ ऑसिलेटर विकत घेतले.

५/ १९५३-५४ मध्ये कोलोन येथील नभोवाणीच्या स्टुडिओत श्टॉकहाउझनने केवळ साइन स्वरांतून ‘स्टुडी १’ व ‘स्टुडी २’ रचल्या. स्वर ध्वनिफितीवर मुद्रित करायचे, फीत कापायची, जोडायची, मिसळायची. काही मिनिटांच्या संगीतामागे महिन्यांचे श्रम होते.

६/ १९६४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मोगने ही कोंडी फोडली. त्याच्या ऑसिलेटरचा स्वर विद्युतदाबाने हलत असे : १ व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर. ह्यूलेटची रचना येथे अपुरी पडे. तिच्यात कंपनसंख्या बदलताना दोन घटक एकत्र हलवावे लागत आणि दिव्याला स्थिरावण्यास वेळ लागे.

७/ म्हणून मोगच्या ९०१ ऑसिलेटरचा गाभा करवती तरंगाचा होता : धारित्र हळूहळू भारित होते आणि क्षणात रिकामे होते. अशा रचनेत बहुधा करवतीची घडी घालून त्रिकोणी तरंग बनवतात आणि त्याची टोके डायोड वा ट्रान्झिस्टरने गोलावून साइन मिळवतात. म्हणजे येथे साइन जन्मत नाही, घडवला जातो.

८/ घडवण्यात भेसळ उरते. त्रिकोणी तरंगात तिसरा उपस्वर मूळ स्वराच्या १/९ असतो. गोलाई नीट न साधल्यास तो मागे राहतो. समतोल ढळला तर दुसरा उपस्वर डोकावतो. धारित्र रिकामे होण्याच्या क्षणी त्रिकोणाच्या टोकाशी बारीकशी खाच पडते. वरच्या स्वरांत तिची करकर जाणवू शकते.

९/ याच काळात पश्चिम किनाऱ्यावर डॉन बुक्लाने वेगळी वाट धरली. त्याच्या यंत्रात साइन हा आरंभ होता; एका ऑसिलेटरने दुसऱ्याची कंपनसंख्या हलवून नवे उपस्वर निर्माण करायचे. येथे शुद्धता महत्त्वाची, कारण मुळातील प्रत्येक भेसळ आपला वेगळा गोतावळा उभा करते आणि ध्वनी गढूळ होतो. सबॉटनिकची ‘सिल्व्हर ॲपल्स ऑफ द मून’ (१९६७) ही रचना बुक्लाच्याच यंत्रावर साकारली.

१०/ १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडरने मोगची मॉड्युलर यंत्रणा अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये उभारली. ज्या वक्राचे नाव या भूमीतून गेले होते, तो ध्वनी होऊन परतला.

११/ कोलोनमध्ये शुद्ध स्वर होता, पण तो कात्रीने हलवावा लागे. मोगने भेसळीचा अंश पत्करला आणि स्वर वादकाच्या हाती आला. उत्तम ऑसिलेटरची परीक्षा आजही याच दोन टोकांमध्ये होते : स्वर किती मोकळेपणी धावतो आणि धावताना किती स्वच्छ राहतो.